प्रकरण पाहिले आहे

इंदूबाई निखारेंच्या ठेल्यावर सकाळी पोहे खायला उभं राहिलं की सगळ्यांची नजर आधी एकमेकांच्या मनगटावर जायची. आरोग्यछत्र योजनेची पट्टी आता घड्याळासारखी ज्याच्या त्याच्या हातावर होती. पट्टी हिरवी असली की माणूस निवांत, लागेल तो उपचार मंजूर. पिवळी असली की ‘विचाराधीन’. नागपूरकरांनी हे दोन रंग वर्षभरात चांगलेच अंगवळणी पाडून घेतले होते. लग्नाच्या जाहिरातींत ‘निर्व्यसनी, स्वतःचं घर, हिरवी पट्टी’ असं छापून यायला लागलं होतं, आणि मुलाच्या मामानं आधी मुलीचं मनगट पाहावं आणि मग चेहरा, याचं कोणाला नवल वाटेनासं झालं होतं.

इंदूबाईंची पट्टी पिवळी होती. दिवाळीच्या आधी पिवळी झाली होती, ती थंडी पडली तरी तशीच.

“मॅडम, तर्री टाकू का अजून?” त्यांनी चित्राला विचारलं.

“थोडीच. पित्त होतं मला.”

“तुमची पट्टी हिरवी आहे ना जी. तुम्ही कायले भेता?”

ठेल्याभोवतीचे दोघेतिघे हसले. चित्रा उमाटेलाही हसू आलं, पण ते लगेच ओसरलं. ती आरोग्यछत्राच्या केंद्रात प्रकल्प अधिकारी होती, म्हणजे ज्या यंत्रणेनं या पट्ट्या रंगवल्या तिची देखभाल करणारी. केंद्र समोरच्या गल्लीत होतं आणि हे इंदूबाईंना चांगलं ठाऊक होतं.

“आता हे माहं पाहा,” त्या मनगट पुढे करून म्हणाल्या. “डॉक्टर म्हणते हृदयाची झडप गेली, लवकर बदला. आणि हे म्हणते, विचार चालू आहे. इतका विचार तर माह्या बापानं माहं लगन जुळवताना नाही केला.”

आपल्याच बोलण्यावर त्या हसायला गेल्या आणि त्यांना धाप लागली. ठेल्याची दांडी धरून त्या उभ्या राहिल्या. ओठांवर निळसर झाक आली. त्यांचे यजमान देवाजीभाऊ पुढे आले, त्यांच्या हातातला झारा काढून घेतला आणि पोहे परतायला लागले. हे त्यांना सवयीचं झालेलं दिसत होतं, आणि तेच चित्राला जास्त लागलं.

“मी पाहते,” ती म्हणाली.

“पाहा जी. पाहायले काय लागते.”

आरोग्यछत्राची मूळ कल्पना चांगली होती. वाईट म्हणावं असं तिच्यात काहीच नव्हतं, आणि चित्राला राग यायचा तो याचाच. पट्टी माणसाचे ठोके, श्वास, रक्तातला प्राणवायू, झोप, चालणं असं सगळं अखंड मोजत राही. त्या मोजमापातून केंद्रातल्या यंत्रात त्या माणसाचं एक ‘देहप्रतिरूप’ तयार होई. माणूस ठेल्यावर पोहे विकत असताना त्याचं आकड्यांचं जुळं भावंड इकडे श्वास घेत असे, आणि कोणता अवयव कधी दगा देणार हे बरंचसं आधी सांगत असे. या निदानात यंत्र क्वचितच चुके. पण निदान झाल्यावर उपचार द्यायचा की नाही, कोणाला आधी द्यायचा, हे ठरवणारा एक वेगळा भाग होता. त्याचं नाव ‘निर्णायक’. निर्णायकानं हिरवा रंग दिल्याशिवाय कोणत्याही दवाखान्याच्या शस्त्रक्रियागृहाचं दार उघडत नसे, सरकारी असो की खासगी. गैरप्रकार थांबावेत म्हणून तसा कायदाच केला होता.

निर्णायकाला डॉक्टरांनी शिकवायचं ठरलं होतं. जुने रुग्ण, त्यांच्याबाबत घेतलेले निर्णय, कोणाचं चुकलं, कोणाचं बरोबर आलं, हे सगळं त्याला दाखवायचं. त्यासाठी डॉक्टरांची समिती नेमली. समितीनं एक वर्ष मागितलं. मंत्रिमहोदयांना योजना हिवाळी अधिवेशनाच्या आत हवी होती, म्हणून समितीच बरखास्त झाली. काम मंत्र्यांच्या व्याह्यांच्या कंपनीला मिळालं, जिचा आधीचा अनुभव शाळांना बाकं पुरवण्याचा होता. कंपनीनं आरोग्यखात्याच्या तळघरातून तीस वर्षांच्या फायली उपसल्या, त्यांची छायाचित्रं काढली आणि निर्णायकाच्या पुढ्यात ओतली. निर्णयच शिकवायचे आहेत ना, मग हे घ्या खात्याचे निर्णय, असा हिशेब.

चित्रानं तेव्हा लेखी हरकत घेतली होती. तिची टिप्पणी वरून परत आली ती कोपऱ्यात दोनच शब्द घेऊन: ‘चर्चा करावी.’ ती चर्चा कधी झालीच नाही.

पुढे मंत्री कार्यालयाकडून एकेक सूचना येत गेली. उद्घाटनाला ज्योतिषांनी काढून दिलेला मुहूर्त साधायचा होता, म्हणून चाचण्या अर्धवट सोडल्या. पहिल्याच दिवशी संकेतस्थळ कोसळलं. लोक बोटं झिजेपर्यंत पान उघडत बसले. ‘तांत्रिक बिघाड’ हे शब्द सरकारची बदनामी करतात असं ठरलं, आणि त्या जागी ‘आपला अर्ज विचाराधीन आहे’ असं झळकायला लागलं. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की पट्टीत लाल रंगही आहे. लाल म्हणजे नामंजूर. विरोधक त्याचे फलक करून सभागृहात नाचवतील. लाल रंग काढून टाकला. आता आरोग्यछत्र कोणालाही नाही म्हणत नव्हतं.

केंद्रात पोचल्यावर चित्रानं इंदूबाईंचं प्रकरण उघडलं. तिला तो अधिकार होता, पण वापरायची वेळ कधी आली नव्हती. लाखो प्रकरणं होती, ती कोण उघडून बघत बसणार? निर्णायक आपल्या प्रत्येक पावलाचं कारण ‘कारणपट’ नावाच्या एका रकान्यात लिहीत असे. घोडं कुठे पेंड खातंय, ते पाहावं म्हणून ती वाचायला लागली.

पहिली नोंद होती: ‘अर्जदाराच्या छायाचित्रात कुंकू दिसते. ओळखपत्रावरील छायाचित्रात दिसत नाही. खुलासा मागवावा.’ देवाजीभाऊंनी खुलासा दिला होता. त्याखाली: ‘वैद्यकीय अभिप्राय स्वयंस्पष्ट नाही. फेरसादर करावा.’ डॉक्टरांनी तोही पुन्हा दिला होता. मग: ‘यापूर्वी अशा प्रकरणी काय कार्यवाही झाली, ते पाहून सादर करावे.’ आणि शेवटी, बरेच दिवस हललेली नाही अशी एक नोंद: ‘चर्चा करावी.’

शेजारच्या रकान्यात प्रतिरूपाचं निदान लखलखत होतं. झडप निकामी होत आहे, फुप्फुसांत पाणी साचू लागले आहे, शस्त्रक्रिया तातडीची. सगळं अचूक.

चित्रा आधी हसली आणि मग तिच्या अंगावर काटा आला. ती आतापर्यंत यंत्रात बिघाड शोधत होती, आणि बिघाड कुठेच नव्हता. इंदूबाईंच्या हृदयात काय चाललंय ते यंत्राला डॉक्टरांइतकंच कळत होतं. त्यावर काय करायचं हे मात्र ते खात्याकडून शिकलं होतं, आणि मन लावून शिकलं होतं. नाही म्हणायचं नाही, हो म्हणण्याची जोखीम घ्यायची नाही, कागद एकदा अर्जदाराकडे, एकदा डॉक्टराकडे फिरवत ठेवायचा, आणि अगदीच गळ्याशी आलं की चर्चा करावी असं लिहून मोकळं व्हायचं. खाण तशी माती. यंत्राशी चर्चा करायला कोण येणार होतं?

तिनं प्रकरण तसंच बंद केलं. त्यावर काहीही लिहिलं नाही, लिहायची सोयही नव्हती. वरिष्ठांना पाठवायच्या अहवालाची जुळवाजुळव ती करत बसली.

दुपारचा चहा यायच्या सुमारास देवाजीभाऊंचा फोन आला. हा माणूस एरवी हो-नाहीच्या पलीकडे बोलत नसे.

“मॅडम, हिरवी झाली,” ते म्हणाले. “दवाखान्यातून फोन आला, उद्याच आणून टाका म्हणते.” मग त्यांनी जोडलं, “तुम्ही पाहिलं, म्हणून झालं.”

“मी काही केलं नाही हो, देवाजीभाऊ.”

“हाव, हाव,” ते म्हणाले. असं मोठी माणसं म्हणतातच, असा त्यांचा सूर होता.

चित्रानं लगबगीनं कारणपट उघडला. ‘चर्चा करावी’च्या खाली नवी नोंद आली होती: ‘प्रकल्प अधिकारी यांनी प्रकरण स्वतः पाहिले आहे. मंजूर. अनुक्रम सुधारित.’

तिचं आयुष्य सरकारी कचेऱ्यांत गेलं होतं, त्यामुळे कोडं सुटायला वेळ लागला नाही. महिनोन्‌महिने धूळ खात पडलेली फाईल साहेबांनी एकदा नुसती मागवली, चाळली आणि परत दिली, तरी दुसऱ्या दिवशी ती धावायला लागते. साहेबांनी तोंडानं काही सांगावं लागत नाही. त्या अर्थी काहीतरी असणार, एवढं खालच्या माणसांना पुरतं. तीस वर्षांच्या फायलींतून निर्णायकानं हेही अचूक टिपलं होतं.

खात्री करून घ्यावी म्हणून तिनं आणखी एक प्रकरण उघडलं. चामोर्शीकडची कोणी बाई होती, तिचं नावही चित्रानं नीट वाचलं नाही. उघडलं, बंद केलं. उरलेला अहवाल पुरा होईतो ते हिरवं झालं होतं. मग आमदार-खासदारांची पत्रं जोडलेली प्रकरणं पाहिली. ती आधीच हिरवी होती. एकदोघांच्या तर तपासण्याही अजून व्हायच्या होत्या. मनातून तिला हलकं वाटलं, इंदूबाई वाचणार म्हणून. ‘अनुक्रम सुधारित’ या दोन शब्दांवरून तिची नजर तशीच पुढे गेली.

संध्याकाळी ती अहवाल घेऊन मंत्र्यांचे खासगी सचिव टाकसाळे यांच्याकडे गेली; ते अधिवेशनाच्या तयारीत होते. तरी त्यांनी चित्राला लगेच आत घेतलं, चहा सांगितला आणि सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्यांच्या मनगटावरची पट्टी शर्टाच्या बाहीखाली झाकलेली होती.

“म्हणजे तुम्ही प्रकरण नुसतं उघडलं तरी मंजूर होतं?” त्यांनी विचारलं.

“हो. म्हणूनच निर्णायक थांबवायला हवा. डॉक्टरांना बसवून त्याला नव्यानं शिकवायला हवं. वर्ष तरी लागेल.”

“आणि तोवर?”

चित्रानं अहवालाची प्रत त्यांच्या टेबलावर ठेवली.

“कायद्यानं हिरव्या पट्टीशिवाय शस्त्रक्रियागृहाचं दार उघडत नाही,” टाकसाळे म्हणाले. “तुम्ही यंत्र थांबवलं तर राज्यातली सगळी दारं बंद. ती बातमी कोणाच्या नावावर लागेल, मॅडम? शिवाय सोमवारी साहेब सभागृहात निवेदन करणार आहेत. आरोग्यछत्रानं आजपर्यंत एकही अर्ज नामंजूर केलेला नाही. तुमच्याच केंद्रानं दिलेली माहिती आहे ती.”

“नामंजूर करायची सोयच काढून टाकली आहे, साहेब.”

“तेच म्हणतो मी. माहिती खरी आहे.” त्यांनी चहाचा कप तिच्याकडे सरकवला. “तुम्ही उगाच त्रास करून घेता. उलट आज तुम्ही आमचं मोठं काम सोपं केलंत. इथे रोज लोक पत्रं मागायला येतात. पत्र टाइप करा, सही घ्या, जावक क्रमांक टाका. त्यापेक्षा मी तुम्हाला मोबाईलवर नावं पाठवत जाईन, तुम्ही फक्त उघडायची. कुठे कागद नाही, कुठे सही नाही.”

“आणि ज्यांची नावं तुमच्याकडे येणार नाहीत, त्यांचं काय?”

टाकसाळ्यांनी जरा नवलानंच तिच्याकडे पाहिलं.

“त्यांचं विचाराधीन आहेच की,” ते म्हणाले.

चित्राला त्या माणसाचा संताप आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. यंत्र चालू ठेवलं तर हे असं, बंद केलं तर सगळ्यांचीच दारं बंद. चहा तसाच ठेवून ती उठली. अहवालाची प्रत त्यांच्या टेबलावरच होती. दार ओढून घेताना तिला दिसलं की त्यांनी त्या प्रतीवर कप ठेवला आहे.

दुसऱ्या दिवशी भेटीच्या वेळेत ती इंदूबाईंना पाहायला मोठ्या सरकारी दवाखान्यात गेली. हृदयविभागाचा वॉर्ड लांबलचक होता, दोन्ही बाजूंना खाटा. इंदूबाई उशीला टेकून बसल्या होत्या, मनगटावर हिरवी पट्टी, आणि देवाजीभाऊंनी आणलेल्या डब्यातल्या पोह्यांना नावं ठेवत होत्या.

“पाहा मॅडम, एक दिवस ठेला यायच्या हाती दिला तर कांदा जाळून ठेवला. मले लवकर घरी जाऊ द्या, नाहीतर गिऱ्हाईक तुटते.” मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, “सकाळी नेतात मले. भेव वाटते जी. पण तुम्ही पाहून राहिल्या, मंग काही होत नाही.”

चित्रानं त्यांचा हात हातात घेतला. आपण केलं ते बरंच केलं, असं त्या घटकेला तिला वाटलं.

शेजारच्या खाटेवर एक तिशीतला माणूस भिंतीकडे तोंड करून पडला होता. पायथ्याशी त्याची बायको बसली होती, मांडीवर अर्धवट शिवलेला पडदा घेऊन.

“हा झनकलाल,” इंदूबाई सांगायला लागल्या. “आमगावचा दर्जी. सिस्टरनं खिडकीचा फाटका पडदा दाखवला, तर यानं खाटेवर बसून शिवायले घेतला. माह्यासारखीच झडप गेली याची. याची पट्टी तर माह्या आधीची हिरवी होती. याची बायको सांगे, काल दुपारी याले नेलं पण, खाट ढकलत दारापर्यंत नेलं. आणि दारच उघडलं नाही. पाहते तर पट्टी पिवळी. असं कधी होते का?”

“काल दुपारी?” चित्रानं विचारलं.

“चहाच्या टायमाले. माही हिरवी झाली ना, तवाच.”

वॉर्डात भेटायला आलेल्यांचा गलबला होता, डबे वाजत होते. चित्राला त्यातलं काही ऐकू येईना. अनुक्रम सुधारित. झडपांची खरेदी निविदेच्या भांडणात अडकली होती, महिन्याला ठरावीकच झडपा येत होत्या, हे तिला ठाऊक होतं. एक नाव वर सरकलं म्हणजे एक खाली सरकणार, हे शाळेतल्या पोराला कळलं असतं. तिलाही कळायला हवं होतं. ज्याच्यासाठी कोणाचं पत्र नव्हतं आणि ज्याचं प्रकरण कोणी पाहिलं नव्हतं, असा एकजण निर्णायकानं शोधला होता. तो हा इथे भिंतीकडे तोंड करून पडला होता.

इंदूबाईंना हे सांगावं असं तिच्या अगदी जिभेवर आलं. पण सांगितलं असतं तर ही बाई सकाळी शस्त्रक्रियेला गेली नसती, हे ती पक्कं जाणून होती. ती गप्प राहिली, आणि त्या गप्प राहण्याची तिला लाज वाटली.

“मॅडम,” इंदूबाई म्हणाल्या, “याचंही पाहा ना जरा. तुम्हाले काय, नुसतं पाहायचं तर आहे.”

झनकलालनं मान वळवली. त्याच्या बायकोनं सुई पडद्यात खोचून ठेवली.

चित्रानं पर्समधून मोबाईल काढला. केंद्राच्या यंत्राशी तो जोडलेला होता. नाव शोधलं, प्रकरण उघडलं, मिनिटभर तसंच धरलं आणि बंद केलं. मग सगळे थांबले. देवाजीभाऊंनी खाली जाऊन चहा आणला. तो पिऊन होतो न होतो तोच झनकलालच्या बायकोनं त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरलं आणि कपाळाला लावलं. पट्टी हिरवी झाली होती. झनकलालच्या ओठांवर इतका वेळ नसलेलं हसू आलं. तो चित्राला म्हणाला, “बाई, तुमच्या कुर्त्याची बाही एका बाजूला ओढते. बरा झालो की उसवून नीट करून देतो.”

चित्रा हसली. हसता हसता तिचा मोबाईल थरथरला. टाकसाळ्यांचा निरोप होता. खाली नावंच नावं होती, आणि वर लिहिलं होतं: ‘आजची.’

तेवढ्यात वॉर्डाच्या पार टोकाला, खिडकीजवळच्या खाटेपाशी एका म्हाताऱ्या बाईची सून उभी राहिली आणि सिस्टरला बोलावायला लागली.

“सिस्टर, इकडे या ना जरा. आईंची पट्टी बघा. आता आतापर्यंत हिरवी होती.”

वॉर्डातले सगळे तिकडे पाहायला लागले, आणि मग एकेक करून चित्राकडे. ही कोण, हे तोवर साऱ्या खाटांना कळलं होतं. इंदूबाईंनी तिच्या दंडाला हात लावला.

“मॅडम, त्यायचंही पाहता का?”

पाहिलं असतं. या वॉर्डातल्या एकेकाचं पाहता आलं असतं, शेवटच्या खाटेपर्यंत. मग तो पिवळा रंग भिंत ओलांडून पलीकडच्या वॉर्डात गेला असता, तिथून दुसऱ्या गावच्या दवाखान्यात, जिथल्या कोणाचा चेहरा चित्रानं पाहिलेला नव्हता आणि जिथे तिला हाक मारायला कोणी नव्हतं. तिथल्या माणसाचं प्रकरण कोण उघडणार होतं?